मोबाईलवरची शाळा : सबक ऐकणार कोण?

गेल्या मार्च महिन्यात आमच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समितीची बैठक झाली. रायगड जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या एका गावातली ही जिल्हा परिषदेची उर्दू शाळा. पहिली ते आठवी, वर्ग आठ आणि शिक्षक तीन. त्या दिवशी बैठकीपुढे तीन विषय होते : पाण्याची टाकी, गळकी कौले आणि ऑनलाइन वर्ग. टाकी आणि कौले पंधरा मिनिटांत उरकली. ऑनलाइन वर्गावर मात्र असरची अजान होईपर्यंत वाद चालला.

वादाला कारण होते. गावातल्या आखातात नोकरी करणाऱ्या तरुणांनी वर्गणी काढून शाळेला मोठा टीव्ही आणि इंटरनेटची जोडणी दिली होती. आता तिचे करायचे काय? काहींचे म्हणणे, शाळेत गणिताचा आणि इंग्रजीचा वेगळा शिक्षक नाही, तर केंद्रशाळेतले तास टीव्हीवर दाखवा. लॉकडाऊनमध्ये सुरू झालेला मोबाईलवरचा संध्याकाळचा वर्गही कायम ठेवा. काहींचे म्हणणे नेमके उलटे : मोबाईलने पोरांचे डोळे आणि डोकी दोन्ही बिघडवली, आता शाळेनेच तो हातात देऊ नये. तेवढ्यात एक चाचा उठले आणि आणखी पुढे गेले. आठवीनंतरचे हायस्कूल नऊ किलोमीटर लांब. मुलींना रोज एसटीने पाठवायचे कशाला? मोबाईलवर सगळे शिकता येते, घरात बसून अभ्यास करतील आणि १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसतील. बऱ्याच माना हलल्या. खरे सांगायचे तर काही आयांच्याही हलल्या.

तेव्हा समितीच्या एक सदस्या बोलायला उठल्या. त्यांचे पती कुवैतला असतात. त्यांची धाकटी मुलगी आमच्याकडे आठवीत होती. थोरलीही आमचीच विद्यार्थिनी. आमच्याकडे बघून त्या म्हणाल्या, “सर, माझ्या थोरलीचे सगळे अंगठे तुमच्या वहीत आहेत ना? मग तिच्या हातात दहावीचा कागद का नाही?”

बैठक गप्प झाली. हा लेख त्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी लिहिला आहे, कारण त्या दिवशी आम्हाला ते देता आले नाही.

अंगठ्यांची हजेरी

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. आमच्या भागात त्यावर आणखी एक संकट आले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. विजेचे खांब आडवे झाले, मोबाईलचे टॉवर बंद पडले, घरांवरची कौले आणि पत्रे उडाले. त्याच महिन्यात, १५ जूनला, राज्यात नवे शैक्षणिक वर्ष ऑनलाइन सुरू झाले. ज्या गावात फोन चार्ज करायला जनरेटरपुढे रांग लागत होती, त्या गावाला ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ असा निरोप पोहोचला.

निरोप देणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, आमचाही नव्हता. दीक्षा ॲपवर धडे होते, पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड होते, बालभारतीची उर्दू पुस्तके फुकट उतरवून घेता येत होती. २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ मालिका सुरू झाली. चांगली होती, पण मराठी माध्यमाच्या पुस्तकांवर बेतलेली. आमच्या पहिली-दुसरीच्या मुलांना तिचा फारसा उपयोग नव्हता. मग आम्ही प्रत्येक वर्गाचा व्हॉट्सॲप गट केला. सकाळी दहा वाजता वहीच्या पानाचा फोटो आणि पाच मिनिटांची बोललेली फीत टाकायचो. ज्याने पाहिले, त्याने अंगठा टाकायचा. तीच हजेरी. संध्याकाळी अंगठे मोजून आम्ही आकडा वर पाठवायचो.

थोरली तेव्हा आठवीत होती. तिचा अंगठा एक दिवससुद्धा चुकला नाही. आमच्या वहीत ती शंभर टक्के हजर. पुढे ती हायस्कूलच्या यादीत गेली, तिथेही काही महिने मोबाईलवरच. ४ ऑक्टोबर २०२१ पासून ग्रामीण भागात पाचवी ते बारावीचे वर्ग उघडले, आणि महिनाभरात एसटी कर्मचाऱ्यांचा संप लागला. तो थेट पुढच्या एप्रिलपर्यंत लांबला. गाडी नाही म्हणून मुलगी घरी राहिली. घरी राहिली म्हणून घरचे काम अंगावर आले. दहावीसाठी १७ नंबरचा फॉर्म भरू असे ठरले. भरलाही. परीक्षेला ती बसली नाही.

का बसली नाही, हे तिनेच मागाहून आईला सांगितले. आठवीच्या वर्षी घरात फोन एक आणि शिकणारी भावंडे तीन. सकाळी दहाला फोन तिच्या हातात यायचा, तो दोन मिनिटांसाठी. ती अंगठा टाकायची आणि फोन धाकट्यांना देऊन स्वयंपाकघरात जायची. फीत नंतर ऐकू, असे रोज ठरवायची. नववीत पुस्तक उघडले तेव्हा मागचे वर्षच कोरे असल्याचे तिच्या लक्षात आले. ते सांगायची लाज वाटली आणि विचारायलाही कोणी आले नाही.

मराठीत निरक्षर माणसाला अंगठाबहाद्दर म्हणतात, कारण तो सहीऐवजी अंगठा उठवतो. आम्ही मुलांना शिकवायला बसलो होतो आणि वर्षभर त्यांचे अंगठे गोळा करत राहिलो.

एका गावाची गोष्ट नव्हे

आपल्याच गावात असे झाले असेल, असे वाटून घ्यायचे कारण नाही. सप्टेंबर २०२० मध्ये ‘असर’ या संस्थेने ग्रामीण भारतात फोनवरून पाहणी केली. शाळेत नाव असलेल्या मुलांच्या घरांपैकी स्मार्टफोन असलेली घरे २०१८ मध्ये ३६.५ टक्के होती, ती ६१.८ टक्के झाली होती. म्हणजे लोकांनी पोटाला चिमटा काढून फोन घेतले. पण पाहणीच्या आधीच्या आठवड्यात शाळेकडून काही अभ्यास मिळाला, असे सांगणारी मुले सुमारे एक तृतीयांशच होती. फोन घरात आला, शाळा आली नाही.

ऑगस्ट २०२१ मध्ये ज्याँ द्रेज, रीतिका खेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रासह १५ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतल्या गरीब वस्त्यांमध्ये सुमारे १,४०० मुलांची विचारपूस केली. नियमितपणे ऑनलाइन शिकणारी मुले शहरी वस्त्यांत २४ टक्के निघाली आणि खेड्यांत फक्त ८ टक्के. खेड्यांतली ३७ टक्के मुले तर अजिबात शिकत नव्हती. पुढे ‘असर’च्या २०२२ च्या अहवालात नुकसानीचे माप दिसले. देशाच्या ग्रामीण भागात तिसरीतल्या ज्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता येतो, त्यांचे प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होते. ते २०.५ टक्क्यांवर घसरले.

हे आकडे समोर ठेवून ‘ऑनलाइन शिक्षण फसले, टीव्ही गुंडाळून ठेवा’ असे म्हणणे सोपे आहे. त्या दिवशी बैठकीत अर्ध्या लोकांनी तेच म्हटले. पण नेमके काय फसले, हे पाहिल्याशिवाय निर्णय घेणे बरोबर नाही. धडे वाईट होते का? फारसे नाही. आम्ही पाठवलेल्या अपूर्णांकांच्या फिती आजही कोणी ऐकल्या तर समजतील. मग कमी काय पडले?

उस्तादांसमोरचा सबक

याचे उत्तर आपल्या मोहल्ल्यातच आहे. मूल नाझरा शिकायला मदरशात जाते. उस्ताद सबक देतात. सबक देणे दहा मिनिटांचे काम. खरा वेळ जातो तो दुसऱ्या दिवशी सबक ऐकण्यात. मूल समोर बसते, कायद्यावर बोट ठेवते आणि म्हणून दाखवते. क़ाफचा उच्चार घशाच्या मागून यायला हवा तो पुढून आला, की उस्ताद थांबवतात. कारण अरबीत क़ाफने ‘कल्ब’ म्हटले तर हृदय आणि साध्या काफने म्हटले तर कुत्रा. मुलाला आपली चूक ऐकू येत नाही, त्याच्या कानाला दोन्ही सारखेच वाटतात. चूक ऐकतात ते उस्ताद. सबक पक्का झाला तरच पुढचा मिळतो, नाहीतर तोच उद्या पुन्हा.

आज चांगल्यातल्या चांगल्या कारींची तिलावत मोबाईलवर फुकट ऐकायला मिळते. म्हणून आपल्यापैकी कोणी म्हणते का, की आता मदरसा नको, मूल मोबाईल लावून नाझरा पूर्ण करील? कोणी म्हणत नाही. तिलावत ऐकल्याने कान तयार होतो, हे सगळ्यांना मान्य आहे. पण मुलाचे तोंड नीट करायला समोर माणूस लागतो, हेही सगळ्यांना माहीत आहे. लॉकडाऊनमध्ये अनेक उस्तादांनी फोनवरून शिकवले. तेव्हाही त्यांनी नुसती फीत पाठवली नाही. एकेका मुलाला फोन लावून त्याचा सबक ऐकून घेतला. आम्हाला आता वाटते, त्या वर्षी मदरशाचे काम शाळेपेक्षा बरे चालले, ते याच कारणाने.

गणित याहून वेगळे नाही. पाचवीतले मूल एक द्वितीयांशात एक तृतीयांश मिळवते आणि उत्तर लिहिते दोन पंचमांश. वरचे अंक वर मिळवले, खालचे खाली. त्याच्या दृष्टीने हिशेब चोख आहे. पडद्यावरचा शिक्षक बरोबर रीत दाखवतो आणि पुढे जातो. मूल मान डोलावते आणि घरी पुन्हा दोन पंचमांश लिहिते. वर्गात फिरणारा शिक्षक त्याच्या खांद्यावरून वहीत डोकावतो आणि विचारतो, “अर्धी भाकरी आधीच ताटात आहे. तीत आणखी भर घातली, तर ती अर्ध्याहून कमी होईल का? दोन पंचमांश तर अर्ध्यापेक्षा लहान.” मूल क्षणभर थांबते आणि खोडरबर शोधते. शिकणे त्या थांबण्यापाशी सुरू होते.

आमचे तीन शिक्षकांचे मत आता असे झाले आहे : सबक देण्याचे काम पडदा करू शकतो, कधी कधी आमच्यापेक्षा चांगले करतो. सबक ऐकण्याचे काम तो करत नाही. म्हणून ऑनलाइन वर्ग ठेवावा की बंद करावा, या वादात पहिला प्रश्न हाच विचारायला हवा, की मुलाचा सबक ऐकायला कोण आहे?

इतर देशांनी काय पाहिले

अमेरिकेत सरकारी पैशावर चालणाऱ्या पूर्णवेळ ऑनलाइन शाळा कोविडच्या कितीतरी आधीपासून आहेत. त्यांच्यावरून तिथे आजही वाद चालतो. २०१५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या क्रेडो या केंद्राने अशा ऑनलाइन चार्टर शाळांची तुलना सरकारी शाळांतल्या तशाच मुलांशी केली. वर्षाअखेर ऑनलाइन मुले वाचनात ७२ दिवसांच्या शिक्षणाइतकी आणि गणितात १८० दिवसांच्या शिक्षणाइतकी मागे होती. तिथे शाळेचे वर्षच साधारण १८० दिवसांचे असते. म्हणजे गणितात वर्ष जवळपास वायाच गेले. या मुलांकडे संगणक होते, वीज होती, वेगवान इंटरनेट होते. कमतरता यंत्राची नव्हती.

दुसरे उदाहरण आफ्रिकेतल्या बोत्सवानाचे. २०२० मध्ये शाळा बंद असताना तिथे सुमारे ४,५०० कुटुंबांवर एक प्रयोग झाला. काही घरांना दर आठवड्याला साध्या फोनवर गणिताचा एसएमएस पाठवला. काही घरांना एसएमएस तर पाठवलाच, शिवाय आठवड्यातून एकदा शिक्षकाने पंधरा-वीस मिनिटे फोन करून मुलाशी आणि पालकाशी बोलून गणित करून घेतले. नुसत्या एसएमएसने मुलांच्या गणितात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. फोन आलेल्या घरांतली मुले मात्र पुढे गेली. स्मार्टफोन लागला नाही, व्हिडिओ लागला नाही. कोणीतरी ऐकायला आले, तेवढे पुरे झाले.

तिसरे उदाहरण दक्षिण अमेरिकेतल्या उरुग्वेचे, आणि आमच्या टीव्हीच्या प्रश्नाला तेच सर्वांत जवळचे आहे. तिथल्या सरकारी प्राथमिक शाळांना इंग्रजी शिकवणारे शिक्षक पुरेसे मिळत नव्हते. २०१२ पासून त्यांनी वेगळी वाट काढली. चौथी ते सहावीच्या वर्गात आठवड्यातून एकदा दूर देशातला इंग्रजीचा शिक्षक पडद्यावर थेट येतो आणि मुलांशी बोलतो. त्या वेळी वर्गातला नेहमीचा शिक्षक बाहेर जात नाही, मुलांबरोबरच बसतो. बाकीच्या तासांना तोच सराव घेतो. त्याला स्वतःला इंग्रजी कमी येत असले तरी कोणते मूल गप्प आहे, कोणते नुसतेच ओठ हलवते, हे त्याला दिसते. पडदा आणि शिक्षक यांनी काम वाटून घेतले आहे.

घरात बसवलेली मुलगी

आता चाचांच्या मुद्द्याकडे येऊ, कारण आपल्या घरांपुढचा खरा धोका तिथे आहे.

१७ नंबरचा फॉर्म वाईट नाही. काही कारणाने ज्यांची शाळा सुटली, त्यांना खाजगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसता यावे, यासाठी ती सोय आहे. संसारात पडलेली बाई, कामाला लागलेला मुलगा, आजारपणात वर्षे गेलेले मूल यांच्यासाठी तो बंद झालेला दरवाजा पुन्हा उघडतो. राष्ट्रीय मुक्त विद्यालयही त्यासाठीच आहे. पण शाळेत जाऊ शकणाऱ्या धडधाकट मुलीला घरी बसवण्यासाठी तो फॉर्म वापरायचा, म्हणजे मागच्या दाराने येण्यासाठी पुढचे दार आपणच लावून घ्यायचे.

आम्ही हे उपदेश म्हणून म्हणत नाही. घरी राहिलेल्या मुलीचा दिवस कसा जातो, हे आपण सगळे पाहतो. ती शाळेत असते तेव्हा ती विद्यार्थिनी असते. घरात असते तेव्हा ती भाकऱ्या थापते, धाकट्याला सांभाळते, दादीचे पाय चेपते, पाहुण्यांना चहा देते आणि उरलेल्या वेळात विद्यार्थिनी असते. त्यात कोणाची दुष्टाई नसते. हाताशी असलेल्या माणसाला काम सांगितलेच जाते. मुलीला अभ्यासाला वेळ मिळावा म्हणून पाच तास तिला घरातून बाहेर पाठवण्याची जी युक्ती माणसाने शोधली, तिचेच नाव शाळा.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे. तो ६ ते १४ वर्षे, म्हणजे आठवीपर्यंत, मुलीच्या पाठीशी उभा राहतो. त्यापुढे तिच्या पाठीशी घरच उभे राहावे लागते. नेमक्या त्याच वळणावर ‘मोबाईलवर शिकेल’ हे वाक्य घरात येते. ऐकायला नवीन जमान्याचे वाटते, पण त्यातून होते तेच, जे आधी ‘मुलीला शिकून काय करायचे’ या वाक्याने होत होते. फरक इतकाच, की आता आपल्या मनाला टोचत नाही.

अंतराची काळजी खरी आहे, ती झटकून टाकता येत नाही. पण त्यावरचा उपाय गाडीचा आहे, मोबाईलचा नाही. पाचवी ते बारावीच्या ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा मोफत पास मिळतो. आमच्या गावातल्या कितीतरी घरांना हे माहीत नव्हते. गाडीची वेळ शाळेच्या वेळेशी जुळत नसेल तर पालकांनी आणि ग्रामपंचायतीने मिळून आगारात अर्ज देता येतो. चार-पाच मुली एकत्र निघाल्या तर निम्मी काळजी तिथेच संपते.

शिक्षकाऐवजी टीव्ही?

ऑनलाइन वर्गाला विरोध करणाऱ्यांच्या म्हणण्यात आणखी एक भीती होती आणि ती आम्हाला रास्त वाटते. कोकणात वाडी-वस्तीवरच्या शाळांचा पट घटतो आहे. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा प्रस्ताव २०२३ मध्ये आला, तेव्हापासून गावागावांत हीच चर्चा आहे. अशा वेळी ‘तुमच्याकडे टीव्ही आहे ना, मग गणिताचा शिक्षक कशाला?’ असे उद्या कोणी म्हणाले तर? आपल्या मुलांनी आखातात घाम गाळून दिलेला टीव्ही शाळेतल्या शिक्षकाची जागा भरायला वापरला जाऊ नये.

उलट बाजूही सांगायला हवी. एक शिक्षक एका वेळी तीन वर्ग सांभाळतो. तो चौथीला शिकवतो, तेव्हा तिसरी आणि दुसरी फळ्यावरचे उतरवत बसतात. त्या वेळी तिसरीच्या मुलांनी वीस मिनिटे उर्दूतला चांगला पाठ पाहिला आणि मग शिक्षकाने दहा मिनिटे त्यांचा सबक ऐकला, तर त्यात मुलांचा फायदाच आहे. खाडीला उधाण येऊन रस्ता बंद होतो तेव्हा, मूल आजारी पडते तेव्हा किंवा दोन महिन्यांसाठी अब्बांकडे आखातात जाते तेव्हा मोबाईलवरचा वर्ग नसता तर काहीच नसते. २०२० चे नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही ऑनलाइन शिक्षणाचे फायदे आणि त्यातली विषमता या दोन्हींची दखल घेते. म्हणून आम्ही टीव्ही परत द्या म्हणणाऱ्यांच्या बाजूने नव्हतो.

आम्ही काय ठरवले

पुढच्या बैठकीत समितीने चार गोष्टी ठरवल्या. इतर शाळांच्या समित्यांनाही त्या उपयोगी पडतील म्हणून इथे देत आहोत. कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य महिला. तेव्हा हे ठरवणे आपल्याच हातात आहे.

एक : टीव्हीवरचा तास वर्गात शिक्षक असतानाच लागेल. शिक्षक रजेवर आहे म्हणून टीव्ही लावला, असे होणार नाही.

दोन : पाठ संपला की त्याच्या निम्मा वेळ मुलांचा सबक ऐकण्यासाठी राखला जाईल. बोलून, फळ्यावर सोडवून, वहीत लिहून.

तीन : मोबाईलवरचा संध्याकाळचा वर्ग पाचवीच्या पुढेच राहील, आणि त्यात अंगठा ही हजेरी धरली जाणार नाही. मुलाने आपल्या आवाजात दोन वाक्ये सांगितली किंवा सोडवलेल्या उदाहरणाचा फोटो पाठवला, तरच हजर. ज्याचे काही आले नाही, त्याच्या घरी आठवड्यातून एकदा आमच्यापैकी कोणीतरी फोन करील. वेळेचे बंधनही पाळले जाईल. जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने प्रज्ञाता या मार्गदर्शिकेत पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांचे दोनच तास सांगितले होते. आमचा एकच असेल.

चार : आठवीनंतर कोणत्याही मुलीचा दाखला नेताना पुढच्या शाळेचे नाव विचारले जाईल. नाव नसेल तर समितीच्या दोन महिला सदस्या त्या घरी जातील. भांडायला नाही, चहा प्यायला.

घरी काय करता येईल

अनेक आया आम्हाला म्हणतात, “आम्ही शिकलेल्या नाही, आम्ही काय अभ्यास घेणार?” त्यांना आमचे सांगणे आहे, शिकवू नका, फक्त ऐका. मगरिबनंतर दहा मिनिटे मुलाला समोर बसवा आणि म्हणा, आज काय शिकलास ते मला समजावून सांग. तुम्हाला अपूर्णांक येत नसतील, पण आपले मूल सांगताना अडखळते की ओघाने बोलते, हे आईइतके कोणाला कळते? आपल्या गावात एक हाफिज आहेत. त्यांच्या अम्मींना अक्षरओळख नव्हती. लहानपणी ते रोज त्यांच्यासमोर बसून पारा म्हणत. अम्मी कुरआन उघडून बसू शकत नव्हत्या, पण मुलगा कुठे थांबला ते त्यांना कळायचे. “इथे कच्चं आहे, उद्या उस्तादांना विचार,” एवढेच त्या म्हणायच्या.

दुसरी गोष्ट फोनची. घरात फोन एक असेल तर त्याचे वेळापत्रक भिंतीवर लावा आणि त्यात मुलीचे नाव मुलाच्या नावाखाली ढकलू नका. तिसरी गोष्ट आखातात असलेल्या अब्बांसाठी. रात्री व्हिडिओ कॉलवर ‘अभ्यास केलास का’ एवढेच विचारू नका, मूल ‘हो’ म्हणेल आणि विषय संपेल. त्याला म्हणा, एक कविता म्हणून दाखव, एक उदाहरण माझ्यासमोर सोडव. पडद्यावरून ऐकता येते. मात्र त्यासाठी पडद्यापलीकडे कान देणारा माणूस हवा.

आपल्या दीनमध्ये पहिल्या वह्यीत आलेला पहिला हुकूम वाचण्याचा होता. तो हुकूम घेऊन जिब्रील अलैहिस्सलाम स्वतः हिरा गुहेत आले होते. तालीम माणसाकडून माणसाकडे जाते, ही आपली फार जुनी रीत आहे. हदीसच्या विद्येत तर कोणी कोणाकडून ऐकले, याची साखळी सांगितल्याशिवाय गोष्ट पुढेच सरकत नाही. नवे यंत्र आले म्हणून ती साखळी तोडायची गरज नाही. यंत्राला साखळीत जागा द्यावी, माणसाच्या जागी बसवू नये.

यंदा जूनमध्ये आमच्या आठवीतून सहा मुली बाहेर पडल्या. सहाही जणींचे हायस्कूलमध्ये नाव लागले आहे. सकाळच्या एसटीला त्या एकत्र जातात. त्यांत त्या बाईंची धाकटीही आहे. पहिल्या दिवशी तिला फाट्यापर्यंत सोडायला थोरली बहीण आली होती. गाडी गेल्यावर ती आमच्याजवळ थांबली आणि विचारू लागली, १७ नंबरचा फॉर्म या वर्षी पुन्हा भरता येईल का. तिच्यासाठी तो फॉर्म योग्यच आहे, तो अशांसाठीच असतो. आम्ही हो म्हणालो आणि एक अट घातली : दर जुम्याला नमाजनंतर शाळेच्या ओट्यावर यायचे आणि आठवड्याचा सबक म्हणून दाखवायचा.

मागच्या चार जुम्यांत ती एकदाही चुकलेली नाही. आणि या वेळी आम्ही अंगठा मोजत नाही.